शिंगाळ्याच्या पोटातला विस्तव

दुसऱ्याच्या ताटाचा वास घेऊन माणसाची पायरी ठरवणाऱ्यांनो, चुली विझल्या त्या तुमच्यामुळे. कशा, ते ऐका.

एका राज्यात वासाला बंदी होती. राजा चंपकसेनाने वेशीवर एक माणूस बसवला होता. त्याला सगळे हुंग्या म्हणत. येणाऱ्याजाणाऱ्याचे हात हुंगायचे, आणि सुकट, हिंग, लसूण यांतलं काही नाकाला लागलं की त्या माणसाला बाहेर ठेवायचं, एवढंच त्याचं काम. तळ्याकाठचे कोळी असे बाहेर राहिले ते कायमचे.

एकदा एक मांत्रिक पाहुणा म्हणून आला. त्याच्या शिदोरीत भाकरी होती आणि सुकटीची चटणी होती. हुंग्याने त्याला अडवलं. सज्जातून राजा हसला. मांत्रिकाने राज्यातला सगळा विस्तव ओंजळीत गोळा केला आणि तळ्यात टाकला. तळाशी राहणाऱ्या म्हाताऱ्या, मिशाळ शिंगाळा माशाने तो गिळला.

"ज्याला वास सोसेल, त्यालाच विस्तव मिळेल," असं म्हणून मांत्रिक निघून गेला.

त्या दिवसापासून एकही चूल पेटेना. राजाने सोन्याच्या गळाला केशरी पेढे लावले, गुलकंद लावला, बेदाणे लावले. शिंगाळा वर आला नाही. चाळिसाव्या दिवशी सोमा कोळी आमिष कसं करतात ते सांगायला निघाला, तर हुंग्याने त्याचे हात हुंगून त्याला वेशीच्या कोठडीत टाकलं. सूर्य मावळताच त्याला खाऱ्या रणात सोडायचं ठरलं. तिथून परतलेला कोणी नव्हता.

सोमाची लेक गोजरा तळ्याच्या काठी राजापुढे उभी राहिली.

"महाराज, माझा बाप सोडा. मासा मी आणते."

"तुझा बापही हेच म्हणत होता. त्याच्या हाताला वास येत होता."

"आमिषाचा वास. शिंगाळ्याला गढूळ पाण्यात दिसत नाही, तो मिशांनी हुंगतो. तुमच्या पेढ्यांकडे तो फिरकत नाही, हे चाळीस दिवस बघताय ना?"

"जपून बोल, पोरी," प्रधान म्हणाला.

"जपून बाप बोलला. तो कोठडीत आहे."

राजाने तिला मावळतीपर्यंतचा वेळ दिला.

आमिषाला लागणारं आंबलेलं पीठ घरोघरी होतंच, कारण भिजवलेलं पीठ भाजायला विस्तव नव्हता. पण त्यात कालवायचं सुकट, हिंग, लसूण शिपायांनी कधीच जप्त केलं होतं. तेव्हा खुंटावर बसलेला खंड्या पक्षी म्हणाला, "मला ठाऊक आहेत जागा." तो तीनदा उडाला आणि तीनदा परत आला.

"सुकट राणीसाहेबांच्या दागिन्यांच्या डबीतून. हिंग प्रधानजींच्या पागोट्याच्या घडीतून. लसूण राजगुरूंच्या पोथीच्या बासनातून."

प्रधानाने पागोटं चाचपलं. राजाशेजारची राणी पदर सावरू लागली, राजगुरू आभाळाकडे बघू लागले. गोजराने तिघांकडे नीट पाहून घेतलं.

"म्हणजे वास तुम्हालाही हवा होता," ती म्हणाली. "फक्त आमच्या हाताला नको होता."

पहिला गोळा प्रधानाने मळला, नाकाला फडकं बांधून. मळताना त्याने चोरून केवड्याचं अत्तर शिंपडलं. शिंगाळा वर आला, त्याने मिशा लावल्या आणि शेपटी फिरवून गेला.

दुसरा गोळा गोजराने मळला. शिंगाळ्याने तो घेतला, पण दोरी जळून राख झाली. सूर्य तळ्याला टेकायला आला होता. कोठडीच्या गजांतून सोमाची बोटं दिसत होती. गोजराला मांत्रिकाचं बोलणं आठवलं आणि ती राजाकडे वळली.

"मला हा वास सोसावा लागतच नाही, महाराज. तो माझ्या घरचा आहे. सोसायचा आहे तुम्हाला. अंगठ्या काढा. हात तळ्याच्या मातीने घासा, गुलाबपाण्याने नको. आणि मळा."

"मी राजा आहे."

"चूल विझलेल्या राज्याचे."

राजाने अंगठ्या काढल्या. त्याने सुकट चुरली, लसूण ठेचला, हिंग कालवला आणि कोपरापर्यंत हात आंबलेल्या पिठात घातले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं. त्याला दोनदा उमासे आले, पण त्याने हात काढले नाहीत. तिसरा गोळा गळाला लागला, पाण्यात पडला, आणि तळं उकळलं. हातभर मिशांचा शिंगाळा काठावर आला, त्याने तोंड उघडलं आणि गोजराच्या खापरात विस्तव ओकला.

"हुश्श," शिंगाळा म्हणाला आणि गार पाण्यात परत गेला.

त्या संध्याकाळी पहिली चूल सोमाच्या झोपडीत पेटली, मग शहरातली प्रत्येक. खाऱ्या रणाकडे कोणी गेलं नाही. राणीने सुकट सगळ्यांसमोर भाजली. पण त्याआधी वेशीवर जे घडलं, ते सांगायलाच हवं.

खापर घेऊन राजा पुढे होता, मागे गोजरा, तिच्यामागे सगळा कोळीवाडा. हुंग्या आडवा आला. त्याने राजाचे हात नाकाशी धरले आणि बराच वेळ हुंगले. मग त्याने कोठडीचं कुलूप काढलं, वेशीचा अडसर उचलला आणि तळ्यात भिरकावला.

"सगळ्यांना आत घेतो, महाराज," हुंग्या म्हणाला. "नाहीतर हुकुमाप्रमाणे तुम्हालाही बाहेर ठेवावं लागेल."