पिकलेली कड

"पण बुवा, तुमच्यामागं ही गादी चालवणार कोण?"

हरेश्वरनं विचारलं. रावजीबुवा खडकावर बसून समुद्राकडे पाहत राहिले.

हरेश्वर बारा वर्षं त्यांच्यापाशी होता. बाकीचे शिष्य बुवांनी एकेक करून लांबच्या गावांना धाडले होते. आज सकाळी ते हरेश्वरलाही म्हणाले होते, "तुझंही गाठोडं बांध."

"मी जाणार नाही," हरेश्वर म्हणाला. "मी आहे म्हणून ही जागा राखली गेली. हे शेवाळच बघा ना."

फाल्गुनातली मोठी ओहोटी होती. पाऊस सरल्यावर उगवलेलं हिरवं शेवाळ थंडीभर वाढून हातहातभर झालं होतं. अमावस्या आली तशा त्याच्या पानांच्या कडा पांढुरक्या पडल्या. हरेश्वरनं उजाडल्यापासून बसून त्या कडा सुरीनं कापून काढल्या होत्या.

"सडलेलं सगळं टाकलं. एक पान खराब ठेवलं नाही."

शेजारी कालवं फोडत बसलेली आनंदीबाय हसायला लागली.

"अरे मेल्या, सडली नाय ती, पिकली! त्या कडेतच बी असता. आता पुढच्या साली ह्या खडकार काय तुझी शेंडी उगवतली?"

हरेश्वर गोरामोरा झाला. त्यानं बुवांकडे पाहिलं.

बुवांनी डोक्याचा पंचा सोडला. मान त्याच्यापुढे वाकवली. केस पांढरेशुभ्र होते.

"हेही पिकलेत. काप."



हरेश्वरनं सुरी खाली ठेवली.

भरती लागली होती. बुवांच्या पायाशी एक पान सुरीतून वाचलं होतं. पाणी त्याच्यावर चढलं. कडेतून हिरवा धूर निघावा तसं काही निघालं आणि पाण्यात पसरत गेलं.

बुवांनी पान उचललं. पिकलेली कड आता नव्हतीच. उरलेलं पान कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ. पलीकडचं बुवांचं बोट दिसत होतं.

हरेश्वर बराच वेळ त्या बोटाकडे पाहत राहिला.

"आणि याचं काय, बुवा?" त्याचा आवाज खाली आला. "हे इथं एकटं…"

बुवांनी पान हळूच पाण्यात सोडलं.

"गाठोडं बांधलंस?"

हरेश्वरनं डोळे पुसले. झोपडीत जाऊन गाठोडं बांधून आणलं. बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि खडकाच्या कडेनं पाण्यातून निघाला. पोटऱ्यांभोवती पाणी अजून हिरवट होतं. एकदा थांबला. मागं वळून पाहिलं. मग पुन्हा चालू लागला.

आनंदीबायचा कोयता मघापासून थांबला होता.

"बुवा, ह्यो पण गेलो. आता तुमची गादी कोण चालवतलो?"

बुवांनी दूर जाणाऱ्या त्या पाठीकडे बोट केलं.

"ती बघ… चालली."