पेट्रोलचा वास

“मग मला तो सापडत का नाही, बुवा?”

विश्वंभर गाडीखालून बोलत होता. त्याचे फक्त पाय दिसत होते.

“काय सापडत नाही?” मुक्कामाला आलेल्या त्याच्या गुरूंनी, धुंडीबुवांनी विचारले.

“अहंकार! मागच्या खेपेला तुम्ही म्हणालात, तुझ्यात आहे. मी रोज बसून तपासतो. असता तर सापडला असता की.”

बुवांनी पंचा खांद्यावर टाकला आणि ते नदीवर आंघोळीला गेले.

दसऱ्याची सकाळ होती. उंदरांनी गाडीचा पेट्रोलचा पाइप कुरतडला होता. गॅरेज बंद. पण विश्वंभरचे कुठे अडते? तो शाळेत गणित शिकवायचा, आणि चूक ही त्याच्या मते इतरांनी करायची गोष्ट होती. नवा पाइप घरात होताच. त्याने तो कापून बसवला, जोडावर जुनीच लोखंडी पट्टी आवळली. सदऱ्यावर पेट्रोल, केसांत पेट्रोल. मग खालची फरशी पुसून त्याने वाकून पाहिले.

एक थेंब नाही. स्वारी खूश.

गाडीला झेंडूचा हार चढला. चाकासमोर रांगोळी आली. गुडघ्यांनी अधू झालेल्या आक्कांना, म्हणजे विश्वंभरच्या आईला, उचलून मागच्या सीटवर बसवले. यंदा त्या गाडीतून सीमोल्लंघनाला जाणार होत्या. नवे लुगडे नेसून त्या अगदी नवरीसारख्या बसल्या होत्या.

विश्वंभरने इंजिन सुरू केले.

त्याची बायको शालन निरांजन पेटवून ओवाळायला आली. पत्र्याच्या शेडमध्ये येताच थबकली.

“अहो, वास येतोय का हो?”

“सकाळपासून पेट्रोलचंच काम चाललंय. वास येणारच. तो जुना वास आहे. तू ओवाळ.”

“पण…”

“मला येत नाहीये ना? मग!”

शालनने तबक उचलले.

तेवढ्यात बुवा फाटकातून आत आले… आणि धावले. या माणसाला कोणी कधी धावताना पाहिले नव्हते. पंचा वाटेतच पडला. त्यांनी तबकापर्यंत हात नेला आणि जळती वात मुठीत धरून चिरडली.

तुपाचा चर्र आवाज झाला.

“इंजिन बंद कर,” बुवा म्हणाले.

विश्वंभरने किल्ली फिरवली, तीही नुसत्या सवयीने.

“अगं बाई!” आक्का गाडीतून ओरडल्या. “दसऱ्याचा दिवा… सवाष्णीच्या हातातला…”

विश्वंभरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “बुवा! दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर…”

बुवांनी तिकडे लक्षच दिले नाही. त्यांनी आक्कांना दोन्ही हातांवर उचलून अंगणाबाहेर ओट्यावर नेऊन बसवले, शालनलाही तिथे बोलावले. मग विश्वंभरचे मनगट धरले आणि त्याला रस्ता ओलांडून पार विहिरीपाशी आणले.

“सदरा काढ. तोंड धू.”

“पण मी विचारतोय, तुम्ही…”

“धू.”

त्याने धुतले. डोक्यावरून पाणी घेतले. वाऱ्यावर कुठल्याशा घरातल्या पुरणाचा वास आला. तो विश्वंभरला आला.

“आता घरी जा,” बुवा म्हणाले.

तो तरातरा निघाला. फाटकापाशी पोचला… आणि जागीच थिजला.

घशापर्यंत वास भरला. डोळे चुरचुरले. शेडपाशी जाऊन तो वाकला. चाकासमोरची रांगोळी भिजून वाहून गेली होती. झेंडूच्या पाकळ्या पेट्रोलमध्ये तरंगत होत्या आणि जुन्या पट्टीतून अजून थेंब पडत होता. इंजिन बंद असताना कोरडा राहिलेला जोड, चालू होताच गळू लागला होता.

चाकापुढे शालनची पावले उमटली होती. दोन्ही ओली.

विश्वंभर मटकन खाली बसला. आई आत होती… शालन इथे उभी होती… आणि ओवाळ म्हणून तोच सांगत होता.

बऱ्याच वेळाने तो उठला. गाडी ढकलून उघड्यावर आणली. नवी पट्टी आवळली, फरशी धुऊन काढली. वास पार गेल्यावर इंजिन सुरू करून जोडाखाली कोरडा कागद धरला. कागद कोरडाच राहिला. त्याने पुन्हा धरला. पुन्हा कोरडा.

बुवा ओट्यावर आक्कांशेजारी बसले होते. शालन त्यांच्या भाजलेल्या तळव्याला कोरफड लावत होती आणि रडत होती. विश्वंभर समोर येऊन उभा राहिला. छाती पुन्हा थोडी वर आली होती.

“झालं, बुवा. आता अजिबात वास येत नाही.”

बुवांनी मान वर केली.

“कोणाला?”