तळहाताखालून काढलेला दोर

खूप खूप मागं, तुमच्या पणजीच्या पणजीलाही आठवणार नाही इतक्या मागं, दोन डोंगरांच्या मध्ये एक दरी होती. दरी इतकी खोल, की खाली टाकलेल्या दगडाचा आवाजही वर यायचा नाही! अलीकडे एक गाव, पलीकडे एक गाव. पावसाळा सरला की दरवर्षी दरीवर नवा दोराचा पूल बांधायचे. पूल बांधला, की त्याच दिवशी पलीकडे जत्रा! पाळणे, पिपाण्या, रेवड्या, शेवेचे लाडू. पोरं वर्षभर याच दिवसाची वाट बघायची.

अलीकडच्या गावात एक बाई दोर वळायची. लहानपणीच तिची दृष्टी गेली होती. पण तिच्या हातचा दोर कधी तुटला नाही. तिला एकच मुलगी होती, सोनकी.

सोनकी चालायला लागली आणि आईचे डोळेच झाली. सोनकी पुढं, तिच्या खांद्यावर आईचा हात. "आई, पुढं दगड आहे. आई, डावीकडं शेण!" आईसुद्धा तिला खेळ शिकवायची. डोळे मिटायला लावून हातात वाख द्यायची. वाख म्हणजे अंबाडीचे धागे, त्याचाच दोर होतो. मग विचारायची, "सांग बघू, ओला की सुका?" सोनकी अचूक सांगायची, आणि दोघी खदखदून हसायच्या.

दोर पुरा झाला की आई तो या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहाताखालून काढायची. त्याशिवाय तिचा दोर घराबाहेर जात नसे.

पण मुलं मोठी होतात, आणि त्यांना लाज वाटायला लागते. पाणवठ्यावर मुली म्हणायच्या, "आली बघा आंधळीची काठी! काय गं, तूपण डोळे मिटूनच घागर भरतेस का?" सोनकी भरभर घागर भरून निघायची. घरी येऊन चुलीपुढं काटक्या मोडत बसायची.

एका वर्षी ती म्हणाली, "आई, यंदा पुलाचा दोर मी वळणार. एकटीनं."

"वळ की!" आईला केवढा आनंद झाला. "मोठी झाली गं माझी पोर."

सोनकीनं महिनाभर दोर वळला. काय देखणा झाला होता म्हणून सांगू! दोन्ही टोकांना तिनं हळद लावली.

आई म्हणाली, "आण इकडं, एकदा हाताखालून काढते."

"काही नको. मला चांगले दोन डोळे आहेत, बघितलाय मी." मग जरा थांबून सोनकी म्हणाली, "आणि आई, उद्या पूल बांधताना तू पुढं येऊ नकोस. सगळे बघतात."

आईनं दोरासाठी पुढं केलेला हात मागं घेतला. मग म्हणाली, "बरं बाई."

दुसऱ्या दिवशी दरीच्या दोन्ही काठांवर ही गर्दी! ढोल वाजतायत, पलीकडची माणसं पागोटी हलवून बोलावतायत, पोरं तर एका जागी उभी राहीनात. रीत अशी होती, की ज्यानं दोर वळला तो पुलावरून पहिला जाणार, आणि त्याच्या मागं गावातली सगळी मुलं. सोनकी सगळ्यांच्या पुढं उभी होती. आई सांगितल्याप्रमाणं लांब, आंब्याखाली.

पाटील ओरडले, "चला रे, टाका दोर पलीकडं!"

तेवढ्यात एका चिमुरडीनं मागून सोनकीचा परकर ओढला. "ताई, पूल पक्का आहे ना?"

सोनकीनं 'हो' म्हणायला तोंड उघडलं. पण 'हो' येईचना. दोर तिनं बघितला होता. हाताखालून कुठं काढला होता?

"थांबा!" ती ओरडली.

ढोल बंद पडले. पाटील चिडले, "अगं, मुहूर्त टळतोय!"

सोनकी सगळ्यांसमोर खाली बसली, डोळे मिटले आणि दोर तळहाताखालून काढू लागली. "बघा बघा, आता लेकपण आंधळी झाली!" मुली फिदीफिदी हसल्या. सोनकीचे कान तापले. अर्धा दोर सरला, काही नाही. पाऊण सरला, तरी काही नाही. हसू वाढतच चाललं. आणि एकदम तिचा हात थांबला. वरून खडखडीत, पण आत काहीतरी मऊ, गार!

तिनं पीळ उलगडला. आतला वाख काळा पडून कुजला होता. वळताना डोळ्यांना सुका दिसलेला वाख आतून ओला राहिला होता.

कुणी हसेना. पाटलांनी एकदा दरीत बघितलं, एकदा पोरांच्या रांगेकडं बघितलं, आणि मटकन खालीच बसले.

सोनकीनं मान वर केली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी हाक मारली, "आई! ये गं इकडं, मला एकटीला नाही जमायचं!"

गर्दीनं वाट करून दिली. मायलेकींनी कुजका भाग कापला, नवा वाख घालून जोड वळला आणि दोघींनी मिळून सगळा दोर पुन्हा तळहाताखालून काढला. हसणाऱ्या मुलीच वाख पिंजायला बसल्या. ऊन कलायच्या आत पूल उभा राहिला!

आता रीतीप्रमाणं पहिल्या दोघी. सोनकीनं पुलावर पाय ठेवला, खाली बघितलं, आणि झटकन पाय मागं घेतला.

आई हसली. "मला मेलीला दरी दिसतच नाही, तर भीती कसली? सरक मागं. ठेव हात माझ्या खांद्यावर."

त्या दिवशी आई पुढं चालली, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून सोनकी मागं. त्यांच्या मागं गावातली सगळी मुलं, एकही न पडता, ओरडत, नाचत जत्रेत पोचली. आणि तेव्हापासून त्या गावात डोळे मिटून तळहाताखालून काढल्याशिवाय एकही दोर दरीवर चढला नाही.

म्हणून बाळांनो, आईबापांचं जे उणं आपण लोकांपासून लपवतो, त्या उण्यानंच त्यांना काही शिकवलेलं असतं; ते आपण आधी शिकून घ्यावं.