चिंकाऱ्याचा पेपर

फार पूर्वी डोंगरापलीकडच्या रानात प्राण्यांचं एक कॉलेज होतं. तिथल्या धावपटूंनी सलग तीन वर्षं चषक जिंकला होता. नापास झालेल्याला मात्र शर्यतीत धावू देत नसत.

एकदा पेपर तपासताना साळिंदरबाईंच्या लक्षात आलं, की चिंकाऱ्यासकट सगळ्या धावपटूंचं अक्षर एकच आहे. त्यांनी प्रशिक्षक तरसाला जाब विचारला.

"दरवर्षी मीच लिहून देतो," तरस हसला. "गप्प बसा, बाई. चषक गेला तर रान तुम्हाला माफ करणार नाही."

पेपर घेऊन बाई थेट प्राचार्य गव्यांकडे गेल्या. गव्यांनी तिन्ही चषक परत पाठवले, तरसाला कायमचं काढून टाकलं आणि धावपटूंना वर्षभर मैदानावर पाऊल ठेवायला मनाई केली.

चिंकारा रडत आला. "बाई, मला धड वाचताही येत नाही. कुणी शिकवलंच नाही हो!"

"मग उद्यापासून ये," बाई म्हणाल्या.

वर्षाअखेरीस फळ्यावर निकाल लागला. चिंकाऱ्याने आपलं नाव स्वतः वाचलं, "पास झालो!" म्हणून ओरडला आणि काट्यांची पर्वा न करता बाईंना कडकडून मिठी मारली.

"आता धाव," बाई म्हणाल्या, आणि सगळं रान आरोळ्या ठोकत त्याच्यामागून मैदानाकडे निघालं.