तिसऱ्या डावातला निरोप

एका राज्यात शौर्यकेतु नावाचा राजा होता. शूर होता, दाता होता, प्रजेचा लाडका होता. पण राग कायम नाकावर. आणि अशा माणसाला नाद कसला, तर बुद्धिबळाचा! रागीट माणसानं गदा फिरवावी, कुस्ती खेळावी, बुद्धिबळाच्या वाटेला जाऊ नये. पण राजाला सांगणार कोण? सांगणारा एकच, धाकटा भाऊ पुष्पकेतु. तो राजाच्या पाठीमागे बसायचा आणि राजा तापला की हळूच त्याचा अंगरखा ओढायचा.

एके दिवशी अंजनक नावाचा मायावी दरबारात आला. सोबत काळ्या पाषाणाचा पट आणि हस्तिदंती मोहरे. जिंकलात तर परीस तुमचा, म्हणाला, आणि हरलात तर डाव संपताना तुमच्या पाठीमागे जे असेल ते माझं. राजानं वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती. राजा हसून हो म्हणाला.

डाव रंगला, राजा तापला. तेवढ्यात पुष्पकेतु देवपूजा आटोपून आला, आपल्या नेहमीच्या जागी बसला आणि सवयीनं त्यानं अंगरखा ओढला. राजानं संतापून हात झटकला, तो नेमका वजिराला लागला. त्या राज्याची रीत अशी, की ज्या मोहऱ्याला बोट लागलं तो चालवायचाच. राजालाही सूट नाही. वजीर हलला आणि मात झाली. पाहता पाहता पुष्पकेतूचा हस्तिदंती घोडा झाला आणि अंजनकानं तो पिशवीत टाकला.

राजानं त्याचे पाय धरले. अंजनक म्हणाला, “बारा वर्षांनी माझ्या मठात ये. तीन दिवस, तीन डाव. तिन्ही जिंकलास तर असे मोहरे झालेले सगळे पुन्हा माणसं होतील. एक जरी हरलास, किंवा डावातून उठलास, तर तूही मोहरा.”

राजमातेनं थोरल्याला एका शब्दानं बोल लावला नाही. तेच त्याला जास्त लागलं. बारा वर्षं तो एकटा पट मांडून बसे आणि राग गिळायला शिकत राही. निघायची वेळ आली तेव्हा राजमाता अंथरुणाला खिळलेली. राजाचा पाय निघेना. तिनंच हट्टानं धाडला.

मठ सात कोसांवर. दारात एक साळुंकी बसली होती, ती बोलली, “राजा, अंजनक मोहऱ्यांशी खेळत नाही, खेळणाऱ्याच्या मनाशी खेळतो. हात मांडीखाली ठेव. चाल सुचली तरी काढू नकोस. आधी तीनदा ती मनात खेळ, मग हात काढ.”

पहिल्या दिवशी अंजनकाची प्यादी बोलू लागली. भाऊ घालवणारा राजा आला हो, म्हणून फिदीफिदी हसली. राजाच्या कानशिलांवर शिरा उडाल्या. पण हात मांडीखालीच राहिले. संध्याकाळी त्यानं डाव जिंकला आणि प्यादी मुकी झाली.

दुसऱ्या दिवशी पटाखालून दंडाएवढा नाग निघाला आणि राजाच्या गळ्याला वेढा घालून बसला. भिंतींनी पेट घेतला. राजा घामानं निथळला. मग मनाशी म्हणाला, नाग खरा असेल तर चावेल, खोटा असेल तर जाईल. घोडा काही झालं तरी अडीच घरंच चालणार. त्यानं घोडा चालवला, मात केली. नागाचा धूर झाला, भिंती जशाच्या तशा.

तिसऱ्या दिवशी काहीच घडेना. अंजनक मुकाट खेळत होता. दुपारपर्यंत राजाचं पारडं चांगलंच जड झालं. आता हा काहीतरी आणणार, असं तो धरूनच बसला होता. तोच दारात पावलं वाजली. राजमातेची दासी सुभगा, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, रडत आत आली.

“महाराज, आईसाहेबांचं काही खरं नाही. तुम्ही उठायचं नाही, असं त्यांनीच बजावलंय. फक्त विचारलंय, धाकटा येतोय ना? हो की नाही, एवढंच सांगा.”

राजा मनात म्हणाला, वा रे मायाव्या, सोंग मोठं बेमालूम आणलंस! त्यानं पटावरून नजर काढली नाही. सुभगेनं तीनदा विचारलं, उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि ती गेली. राजाचं मन जरासुद्धा हललं नाही, आणि त्याचा त्याला अभिमान वाटला, हो!

दिवस कलता कलता राजानं मात केली. पटावरचे आणि मारले गेलेले असे बत्तीसही मोहरे डोळे चोळत माणसं होऊन उठले. पुष्पकेतु तसाच होता, सतरा वर्षांचा, कोवळ्या मिशांचा. राजानं त्याला पोटाशी धरलं आणि बारा वर्षांचं रडून घेतलं. मग हलक्या मनानं अंजनकाला म्हणाला, “तिसऱ्या डावातली सुभगा मात्र हुबेहूब होती.”

अंजनक पट आवरत होता. आता तो एक थकलेला म्हातारा दिसत होता. म्हणाला, “तिसऱ्या डावात मी काहीच केलं नाही, राजा. दोन डावांत माझी माया सरली. मी नुसता खेळत होतो.”

दोघा भावांनी घोडे असे फेकले की तोंडाला फेस आला. राजवाड्याचा नगारा मुका होता. सुभगा दारातच बसली होती. पुष्पकेतूला पाहून तिनं तोंडावर पदर धरला. राजानं विचारलं, मी काहीच बोललो नाही हे तू आईसाहेबांना सांगितलंस का?

“सांगितलं, महाराज. खोटं कसं बोलू? म्हणाल्या, म्हणजे धाकटा येत नाही. थोरल्याच्या जिभेवर यायला जड गेलं असेल, त्याला कुणी बोलू नका. मग भिंतीकडे तोंड केलं, ते परत वळवलंच नाही.”

पुष्पकेतु आत धावला. राजा दारातच उभा राहिला. “मी जिंकत होतो, सुभगे,” तो म्हणाला. “हो म्हणायला उठावं लागत नव्हतं.”

शाप फिटला. राज्याला धाकटा मिळाला, बाकीची एकतीस माणसं आपापल्या घरी पोचली, आणि राजा पुढे कधी कुणावर रागावला नाही. लोक म्हणत, आमच्या राजाचं मन किती शांत! राजा ते ऐकून मान खाली घाली.