पहिला निधी

विद्यापीठातल्या केतकी तोरस्करने खाऱ्या पाण्यात तगणारं भाताचं वाण शोधायला घेतलं होतं. पोरगी जिद्दीची. पण विद्यापीठाने सांगून टाकलं, बाहेरून निधी आणा, नाहीतर काम बंद.

ती उदाजीराव काळभोरांच्या नव्या न्यासाकडे गेली. मुलाखतीला परीक्षकांच्या मधोमध उदाजीराव बसलेले, गावच्या देवासारखे. अर्ज चाळत म्हणाले, "याआधी बाहेरचा निधी कधी मिळालाय?"

"नाही, साहेब."

"मग कसं जमायचं? ज्याला आजवर कुणीच दिला नाही, त्याला आम्हीही देत नाही. नियमच आहे आमचा."

दुसरी असती तर डोळे पुसत घरी गेली असती. केतकीने शांतपणे विचारलं, "तुमच्या न्यासाने याआधी कुणाला दिलाय, साहेब?"

"छे! न्यास यंदाच काढलाय."

"म्हणजे ज्याने आजवर कुणालाच दिला नाही, त्याच्याकडे मी मागायला आले. मीही तुमच्यासारखाच नियम केला असता, तर तुमच्या दारात कोण आलं असतं?"

परीक्षक तोंडावर हात धरून हसू लागले. उदाजीराव आधी लालबुंद झाले, मग खो खो हसले.

"बाई, पहिला निधी तुम्हालाच. आणि तो नियम आजपासून रद्द!"

मागणाऱ्याने मान खाली घालावी, असं ठरवलंय तरी कुणी?