डिंक लावलेलं लिंबू

एका गावात एक शाळा होती, आणि तिथे गुरुजींपेक्षा घंटेचा रुबाब मोठा होता. दरवर्षी लिंबू-चमच्याची शर्यत व्हायची. जो जिंकेल त्याने आठवडाभर घंटा वाजवायची आणि पहिलीच्या पोरांच्या शर्यतीला पंच व्हायचं, असा तिथला रिवाज.

चौथीतली सगुणा तीन वर्षं हरत आली होती. चमचा दातात धरला की पाचव्या पावलाला लिंबू खाली. यंदा चौथी, म्हणजे या शाळेतलं शेवटचं वर्ष. म्हणून सगुणाबाईंनी अक्कल चालवली. बाभळीचा डिंक आणला, चमच्यात थापला, वर लिंबू बसवलं.

सगुणा वाऱ्यासारखी पळाली आणि पहिली आली. गुरुजी खूश. म्हणाले, "अगं, लिंबू आहे की घोरपड? सुटतच नाही!"

एका पावलाने मागे राहिलेली द्वारकी डोळे पुसत पाणी प्यायला गेली. सगुणाने चमचा लिंबासकट झग्याच्या खिशात कोंबला.

मग पहिलीच्या मुलांची एक फेरी झाली. बयो नावाची चिमुरडी पळता पळता लिंबाला बोट लावताना दिसली.

"बयो बाद," सगुणा म्हणाली.

"जरासंच तर लावलं, ताई."

"जरासं लावलं तरी लावलंच."

बयो रडली नाही. सगुणाशेजारी मातीत फतकल मारून म्हणाली, "तुझं कसं गं पडलं नाही? मला शिकव ना. मी पण तस्संच करीन."

सगुणाचं तोंड असं झालं, की जणू लिंबू खिशात नसून दाढेखाली आहे.

तेवढ्यात गुरुजींनी हाक मारली, "सगुणे, दुपारच्या सुट्टीची घंटा दे. पोरं भुकेली आहेत."

सगुणाने घंटेचा दोर धरला. तीन वर्षं वाट पाहिलेला दोर. धरला आणि सोडला. खिशातून चमचा काढून तिने सगळ्यांसमोर उलटा केला. लिंबू वटवाघळासारखं लटकून राहिलं.

"गुरुजी, मी पण बाद."

गुरुजींनी लिंबू ओढून पाहिलं. दोनदा ओढलं तेव्हा कुठे निघालं. मग त्यांनी दोर द्वारकीच्या हातात दिला. द्वारकीने घंटा इतकी बडवली, की म्हणे शेजारच्या गावची शाळाही सुटली.

जेवणं झाल्यावर गुरुजी म्हणाले, "धाकट्यांची दुसरी फेरी राहिलीय. आता पंच बदलू या."

"नको," बयो उठून म्हणाली. "सगुणाताईच पाहिजे. ती स्वतःला बाद करते. मग आम्हाला उगाच कशाला करेल?"

पहिलीची सगळी पोरं बयोमागे उभी राहिली. गुरुजींनी मिशीतल्या मिशीत हसून शिट्टी सगुणाला दिली. तिने ती झग्याला पुसली आणि फुंकली.

तात्पर्य: नियम आधी स्वतःला लावावा. त्यात शर्यत गेली तर जाऊ द्यावी, पण लोक आपल्या शब्दावर भरवसा ठेवतात. हे मोठ्यांनीही वाचावं, नुसतं पुढे पाठवू नये.